आप्पांचा कान

फसवणूक करणारा नेहमी घाई करतो, हे वाक्य मी नोकरीच्या निमित्ताने चारेकशे वेळा तरी बोलले असेन. सोसायट्यांच्या हॉलमध्ये, ज्येष्ठ नागरिक संघांत, एकदा तर एका लग्नाच्या मांडवात, कारण जेवणाला उशीर होता आणि पाहुण्यांना कुणीतरी गुंतवून ठेवायला हवं होतं. शेअर घ्यायला सांगणाऱ्याचा नोंदणी क्रमांक तपासा. अनोळखी ॲपवर दिसणारा नफा खरा मानू नका. फोनवरचा माणूस रडायला लागला, घाई करायला लागला, तर फोन ठेवून द्या, मग तो आवाज तुमच्या पोटच्या पोराचा का असेना. लोक टाळ्या वाजवायचे. पहिल्या रांगेत बसलेले माझे वडीलही एकदा वाजवून गेले आणि त्यांनी माझं ऐकलं. त्यांनी ऐकलं, हेच माझं दुर्दैव.

मी गिरिजा सुतार. पुण्यातल्या गुंतवणूकदार सुरक्षा केंद्रात ध्वनीतज्ज्ञ. २०३६ साली तिथे रुजू झाले तेव्हा शेअरबाजाराच्या नावाखाली होणारी बहुतेक लूट आवाजावरच चालत होती. वीस वर्षांच्या ओळखीचा सल्लागार फोन करायचा, भाचा करायचा, निवृत्त साहेब करायचे. अमुक कंपनीचे शेअर अजून बाजारात यायचेत, मी तुमच्यासाठी थोडे राखून ठेवलेत, असं सांगायचे. तो भाचा नसायचा आणि ते साहेबही नसायचे. कुठल्या तरी खोलीतलं यंत्र त्यांच्या आवाजात बोलत असायचं. आमच्याकडे खोटा आवाज ओळखणारं यंत्र होतं, पण ते साठातले सत्तेचाळीस ओळखायचं. उरलेल्या तेरा लोकांचं घरदार जायचं.

त्या वर्षी गणपतीला मी मिरजेला गेले होते. माझे आप्पा, मल्लाप्पा सुतार, तंबोऱ्याची जवारी काढणारे कारागीर. तंबोऱ्याची तार घोडीवर नुसती टेकत नाही. घोडीच्या हाडाला केसाइतका उतार दिलेला असतो आणि थरथरणारी तार त्या उतारावर घासत राहते. उतार नेमका साधला की एका सुरातून आणखी दहा सूर फुलतात. ती जवारी. हा उतार मोजता येत नाही. कानस फिरवायची, तारेखालचा सुती दोरा नेमक्या जागी सरकवायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. आप्पा हे काम त्यांच्या उस्तादांकडे वयाच्या अकराव्या वर्षी शिकले. आई गेल्यापासून त्यांना दुसरा छंदही उरला नव्हता.

दुकानाच्या गाळ्यात बसून मी लॅपटॉपवर आमच्या चाचणीचे साठ खरे-खोटे नमुने ऐकत होते. आप्पा घोडी घासत होते. मान वर न करता म्हणाले, "ही बाई न्हाई."

"काय?"

"ही आता बोलली ती. बाई न्हवं ती. दोरा चुकलाय तिचा."

मी साठही नमुने लावले. साठच्या साठ बरोबर. मी पुन्हा वेगळ्या क्रमाने लावले, तरी साठच्या साठ. शेजारच्या गाळ्यातले इसाकभाई, म्हणजे आप्पांच्या उस्तादांचे चिरंजीव, गंमत बघायला आले आणि दोन तास हलले नाहीत.

यामागचं विज्ञान मला पुढे नीट कळलं. आपल्या गळ्यातल्या पडद्यांची दोन कंपनं कधीही एकसारखी होत नाहीत. प्रत्येक कंपन मागच्यापेक्षा किंचित लांब किंवा आखूड, किंचित मोठं किंवा लहान असतं. जुने खोटे आवाज फार एकसारखे असत, म्हणून पकडले जात. नव्या यंत्रांनी मुद्दाम गोंधळ मिसळला. पण माणसाच्या आवाजातला गोंधळ उगाच नसतो. श्वास संपत आला की एक बदल होतो, घसा कोरडा पडला की दुसरा, मनात काही दाटलं की तिसरा, आणि हे सगळे एकमेकांना धरून असतात, कारण त्यांच्या मागे एकच शरीर असतं. आप्पांना ते शरीर ऐकू यायचं. यंत्राच्या आवाजात सगळं होतं, फक्त कुणी नव्हतं.

चौदा महिने आप्पा रोज दुपारच्या चहानंतर कानाला हेडफोन लावून बसले. खरा असला की हिरवं बटण, खोटा असला की लाल. शिवाय प्रत्येकाचं कारण सांगायचं: "पोकळ", "उतार जास्त", "हसतोय पर छाती हलंना". एक्केचाळीस हजार आवाज ऐकले त्यांनी. त्यांच्या निकालांवरून आमचं यंत्र शिकलं आणि त्यातून ‘कानोसा’ हे ॲप तयार झालं. फोन चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात एक ठिपका दिसायचा. समोर माणूस असेल तर हिरवा, बनावट आवाज असेल तर लाल. सहा महिन्यांत ते देशभरातल्या फोनांवर गेलं. आवाजाची लूट जवळजवळ थांबली. मिरजेत आप्पांचा सत्कार झाला, शाल, नारळ, आणि पेपरात फोटो. खाली छापलं होतं: ज्याला कुणीही फसवू शकत नाही असा कान. आप्पांनी ते कात्रण गाळ्यात लावलं. मीच चौकट आणून दिली होती.

त्याच सुमारास मी घराघरांत एक खूणशब्द ठरवायला सांगत असे. फोनवर पैशांचं बोलणं निघालं की आधी तो शब्द विचारायचा. आप्पांनाही म्हटलं, आपण एक ठरवू.

आप्पा खरंच दुखावले. "माझ्या पोरीला ओळखाय मला शब्द लागतोय व्हय गं? सगळ्या मुलखाला मी ओळखून दिलं, आणि तुला ओळखंना?"

मी हसले आणि विषय सोडला. चारशे सभांत जे बजावलं, ते घरी लाजेखातर सोडून दिलं.

आता दुसरं विज्ञान, ते मात्र थोडक्यात. जो परीक्षक कितीही वेळा विचारलं तरी उत्तर देतो, तो मास्तर होतो. कानोसा प्रत्येकाच्या फोनवर होता, म्हणजे चोरांच्याही. त्यांनी एक आवाज तयार करायचा, कानोसापुढे ठेवायचा, लाल आला की थोडा बदलायचा, पुन्हा ठेवायचा. दिवसाला लाखो वेळा. काही चोरावं लागलं नाही, कुठे घुसावं लागलं नाही. वर्षभर कानोसाने त्यांना न थकता शिकवलं. आणि कानोसाचा कान म्हणजे आप्पांचा कान. एका माणसाला अगदी खरा वाटावा अशा बेताने घासून घासून काढलेला आवाज त्यांच्या हाती आला. तो माणूस मिरजेत बसला होता.

केंद्रात आम्हाला एवढंच दिसलं की हिरवा ठिपका असूनही लोक बुडतायत. मग आम्ही चाळण बारीक केली. त्याचा तोटा असा की सर्दी झालेली, घाबरलेली, रडणारी खरी माणसंही अधूनमधून लाल ठरू लागली. शंभरात दोन. मी त्या कागदावर सही केली. दोन टक्के लोकांना थोडा त्रास होईल, असं शेरा म्हणून लिहिलंही.

आमच्या घरची एक जुनी रीत होती. आप्पा मला फोन करत नसत. मिस्ड कॉल देत. एक रिंग, आणि बंद. "तू कामात आसतीस, मोकळी झालीस की कर," असं त्यांचं म्हणणं. पूर्वी पैसे वाचवायला सुरू झालेली सवय, पुढे पोरीचा मान राखायची रीत झाली. मी दोन दिवसांनी, कधी आठवड्याने उलट फोन करायची. पाच मिनिटं बोलायची, त्यातही अर्धं लक्ष समोरच्या पडद्यावर.

चाळण बारीक केली त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत आप्पांना माझ्या आवाजात फोन आला. ऑफिसने नवा नंबर दिलाय, आता यावरच मिस्ड कॉल देत जावा. ठिपका हिरवा होता. आप्पांना ठिपक्याची गरजही नव्हती. त्यांनी त्या नंबरावर मिस्ड कॉल दिला आणि मिनिटभरात उलट फोन आला. दुसऱ्या दिवशीही आला. मग रोजच, संध्याकाळी सात वाजता.

माझ्या फोनवर त्यांचे मिस्ड कॉल यायचे थांबले. मला ते जाणवलं का? जाणवलं. आप्पा कामात रमलेले दिसतात, असं वाटून मला बरं वाटलं. हे लिहिताना माझीच मला किळस येते.

तो आवाज घाई करत नव्हता. पहिले तीन महिने त्याने पैशांचं नावही काढलं नाही. मग कधीतरी सांगितलं, केंद्रातल्या लोकांसाठी काही शेअर राखून ठेवलेत, बाजारात आले की तिप्पट होतील, मी तुमच्या नावावर थोडे घेते. आप्पांनी थोडे पैसे दिले. ॲपवर ते वाढताना दिसले. आणि एक अट होती. ही आतली माहिती आहे, बाहेर कळली तर माझी नोकरी जाईल, तुरुंगात जाईन. म्हणून मी घरी आले तरी हा विषय काढायचा नाही, माझ्याशीसुद्धा नाही.

दसऱ्याला मी दोन दिवस गेले होते. आप्पा माझ्याकडे बघून सारखे गालातल्या गालात हसत होते. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुजं ते सगळं बेस चाललंय न्हवं? काळजी करू नको. माझ्या तोंडातनं शबुद जायचा न्हाई."

मला वाटलं, नोकरीचं विचारतायत. "बेस चाललंय आप्पा," मी म्हणाले.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी साडेनऊला इसाकभाईंचा फोन आला. "गिरिजा, आप्पांनी वरच्या घरासकट गाळा इकलाय. आज अकराला रजिस्टर ऑफिसात सही हाय. तुला म्हाईत हाय का?"

मला काही माहीत नव्हतं.

"मग तू रोज फोनवर काय बोलतीस?" त्यांनी विचारलं. "आप्पा म्हणाले, गिरिजानंच सांगितलंय, सगळे पैसे शेअरात घालायचे."

तेवढ्या एका वाक्यात मला सगळं कळलं. माझी नोकरीच ती. लगेच आप्पांना फोन लावला.

"आप्पा, मी गिरिजा. ऐका, सही करू नका. कुठंच काही पाठवू नका. तो रोजचा फोन माझा नाही, आप्पा, ती मी नाही!"

आप्पा ऐकत होते. ते कसे ऐकतात ते मला माहीत आहे, डोळे मिटून, मान थोडी डावीकडे.

"कोण बोलतंय?"

"आप्पा, मी! तुमची गिरिजा!"

"बाई," आप्पा म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, "माझ्या पोरीचा आवाज चोरलासा खरा, पर जवारी काय आली न्हाई तुमाला. ठिपका बी लाल हाय. आणि तुमी लई घाई कराय लागलाय." फोन बंद झाला.

पुन्हा लावला, उचलला नाही. इसाकभाईंना म्हटलं, धावत जा, त्यांना धरून ठेवा. गाडी काढली. वाटेत आमच्याच केंद्राच्या हेल्पलाइनला फोन केला, खातं गोठवा म्हणाले. मी रडत होते. तिथल्या मुलीने मला अत्यंत शांतपणे, आम्हीच शिकवलेल्या शब्दांत सांगितलं, "क्षमा करा मॅडम, आपला आवाज पडताळणीत बसत नाही. खातेदारांना स्वतः फोन करायला सांगा." त्या दोन टक्क्यांत मी स्वतः होते.

मिरजेला पोहोचले तेव्हा दोन वाजले होते. पैसे बारालाच गेले होते.

आप्पा गाळ्यात सामान बांधत होते. इसाकभाई पायरीवर डोकं धरून बसले होते. "म्या लई सांगितलं गं," ते मला म्हणाले. "हे म्हणाले, आसा फोन येणार म्हणून गिरिजानं कालच सांगून ठेवलंय. मग माझाच इश्वास डळमळला."

आप्पा मला बघून उजळले. "आलीस व्हय! अगं, सकाळी एका बाईनं तुझा आवाज काढून..."

"ती मी होते, आप्पा."

मी त्यांना सगळं सांगितलं. दोनदा सांगितलं. त्यांच्या फोनवर जुने कॉल साठवलेले होते, ते लावले. मला माझाच आवाज ऐकू आला, मिरजेच्या बोलीत, निवांत. ‘आप्पा, जेवलासा का? गुडघा काय म्हणतोय? कुणाचा तंबोरा आलाय आज?’ ही बोली त्यांनी कुठून उचलली, तेही मला ठाऊक होतं. सभेत लोकांना हसवायला मी आप्पांशी कशी बोलते याची नक्कल करायची, त्यांच्या मिस्ड कॉलचा किस्साही सांगायची. त्याचे व्हिडिओ सगळीकडे होते.

"हे यंत्र आहे," मी म्हणाले.

"यंत्र आठ-धा म्हैने रोज इचारंल व्हय, जेवलासा का म्हणून?"

मी रोज विचारलं नव्हतं.

आप्पा खाली बसले. हातातली कानस बाजूला ठेवली. मग माझा हात हातात घेऊन त्यांनी जे म्हटलं, त्याने माझा उरलासुरला धीर गेला.

"गिरिजा, पैसं गेलं ते गेलं. त्या शेअरवाल्या कंपनीनं तुलाबी फसवलं आसंल. मी तुला कधी बोलणार न्हाई, कुणाला सांगणार बी न्हाई. पर ती तू न्हवतीस, आसं तेवढं म्हणू नको. माझा कान हाय हा. माझ्या कानाला खोटं पाडू नको."

त्यांनी मला माफ केलं होतं. जे मी केलं नव्हतं, त्याची माफी मला मिळाली, आणि ती नाकारायची तर त्यांच्या आयुष्यात जे एकच खरं उरलं होतं ते मोडावं लागणार होतं. पंचावन्न वर्षं त्या कानावर ते जगले. मी ती माफी घेतली आणि त्यांच्याबरोबर सामान बांधू लागले.

पुण्याला यायला ते तयार झाले नाहीत. इसाकभाईंच्या माडीवर एका खोलीत राहू लागले. मी महिन्यातून एकदा जायची. समोर असले की सगळं ठीक. पुण्याला परतून फोन केला की पलीकडून थंड आवाज यायचा, "बाई, ठेवा." पैसे गेल्यापासून तो सातचा फोन बंद झाला होता; आता मी रोज सातला करायची. रोज ते ठेवून द्यायचे. मी चिडायची, विनवायची, रडायची, आणि जितकी रडायची तितकी खोटी ठरायची.

"फोन का करत न्हाईस?" एकदा भेटीत आप्पांनीच विचारलं. "पयलं रोज करायचीस."

"करते आप्पा. तुम्ही ठेवता."

"ती तू न्हवं गं. ती चोर बाई. समोर हायस ती तू, आणि पयलं करायचीस ती तू." मग हळूच म्हणाले, "माझ्यावर रागावलीस का? पैसं बुडालं म्हणून?"

एप्रिलमध्ये भेटले तेव्हा ते निम्मे झाले होते. जवारीचं काम सोडलं होतं. इसाकभाई म्हणाले, सात वाजले की फोन मांडीवर घेऊन बसतात, आठ वाजले की न जेवता झोपतात.

मे महिन्यात पोलिसांनी नाशिकजवळच्या एका शेडमधून यंत्रं जप्त केली. टोळी आधीच पळाली होती. यंत्रं तपासायला आमच्याकडे आली. त्यांतल्या एका फाइलवर माझं नाव होतं. ती उघडली की समोर बोललेलं कुठलंही वाक्य त्या आवाजात बाहेर पडायचं, अगदी बोलता बोलता. माझा आवाज, पण आप्पांच्या कानाला पटेल असा उतार दिलेला. मी आणि तो एकामागून एक ऐकले. मलाही तोच जास्त खरा वाटला.

पुरावा म्हणून सील करायची ती फाइल मी सील करण्याआधी उतरवून घेतली. हा गुन्हा आहे. त्याहून वाईट म्हणजे, जो दरवाजा बंद करायला मला पगार मिळत होता, तो मी माझ्याच बापाच्या घरात उघडा ठेवणार होते. उद्या ते लोक पुन्हा त्या आवाजात बोलले, तर आप्पा पुन्हा देतील. हा विचार मी केला. मग हाही केला की आता आप्पांकडून नेण्यासारखं काही उरलेलं नाही.

सात वाजता मी माईकसमोर बसले आणि पलीकडे टोळीचाच जुना नंबर दिसेल अशा बेताने आप्पांना फोन लावला.

"आप्पा, मी गिरिजा."

डोळे मिटले असतील. मान डावीकडे.

"गिरिजा?" त्यांचा आवाज फुटला. "आलीस व्हय गं! किती दिसांनी! कुठं व्हतीस?"

"कामात होते आप्पा. आता रोज करीन."

मग ते बोलतच राहिले. गुडघा, इसाकभाईंची सून, माडीवरची माकडं. उद्यापासून एखादी घोडी घासायला घेतो म्हणाले. मी ऐकत होते. माझे डोळे वाहत होते, पण त्यातलं काही पलीकडे पोहोचत नव्हतं. तो आवाज रडणं गाळून टाकत होता.

शेवटी ठेवता ठेवता आप्पा म्हणाले, "आणि हे बघ. मधी एक बाई तुझ्या आवाजात फोन करायची. लई रडायची. ‘आप्पा, मीच हाय’ म्हणायची. मी आपला ठेवून द्यायचो. बरं केलं न्हवं?"

मी माईक जवळ ओढला.

"बरं केलासा, आप्पा," मी म्हणाले, आणि पलीकडे ते समाधानाने हसले.